कोसाइनमुक्त विद्युत क्षेत्र

अर्धवर्तुळात वाकवलेल्या तारेवर चार्ज सारखा पसरला आहे; केंद्रापाशी विद्युत क्षेत्र किती? हे गणित जो एका ओळीत सोडवतो, त्याचा जाहीर सत्कार व्हायला हवा. बाकीची मुले तारेचे बारीक तुकडे पाडत बसतात, प्रत्येक तुकड्याचा बाण काढतात, बाणाचे दोन घटक करतात आणि त्यातला एक चक्क टाकून देतात. ही नासधूस आपल्या गड्याला बघवत नाही. तारेचा कण न् कण केंद्रापासून त्रिज्येइतकाच दूर आहे ना? मग सगळा चार्ज एकदम घ्या, त्रिज्येच्या वर्गाने भागा, स्थिरांकाने गुणा, मोकळे व्हा. कूलोंबच्या 1785च्या नियमात कोसाइन कुठे आहे, दाखवा.

आकडेच पाहा. त्रिज्या 10 सेंटिमीटर, चार्ज 1 नॅनोकूलोंब. गड्याचे उत्तर 900 न्यूटन प्रति कूलोंब. कसे भरघोस आणि लक्षात राहणारे! बाणवाल्यांचे उत्तर 573. मधले 327 कुठे गेले? विचारले तर सांगतात की, तारेचे उजवे टोक केंद्रावरच्या चार्जला डावीकडे ढकलते, डावे टोक उजवीकडे, आणि दोघांचेही श्रम वाया जातात. तारेच्या मध्यावरच्या तुकड्याचे तेवढे पूर्ण पदरात पडते. टोकाकडे जावे तशी कोसाइनची कात्री चालत जाते आणि अगदी टोकाच्या तुकड्याला भोपळा मिळतो. सगळे सारख्या अंतरावर बसलेले असताना हा पंक्तिप्रपंच! बरे, वजा 90 ते 90 अंशांपर्यंत कोसाइनचे इंटिग्रेशन करून या मंडळींच्या हाती शेवटी येते काय, तर 2.

गड्याची निष्ठा बघायची असेल तर तेवढ्याच त्रिज्येचे पूर्ण कडे घ्या आणि त्यावर तेवढाच चार्ज पसरा. त्याचे उत्तर 900. अर्धे कडे असो, पाव असो, पूर्ण असो, माणूस शब्दाला जागतो. बाणवाले मात्र इथे थेट शून्यावर येतात. म्हणे समोरासमोरचे तुकडे एकमेकांना पुसून टाकतात. एवढा चार्ज खर्चून शून्य! त्यात त्यांना सौंदर्यही दिसते, हे विशेष.

याच संप्रदायात एक अभ्यासू शाखा आहे. ती वस्तूचा गुरुत्वमध्य काढते. अर्धवर्तुळाकार तारेचा तो केंद्रापासून 6.37 सेंटिमीटरवर येतो. सगळा चार्ज तिथे नेऊन ठेवायचा. उत्तर येते सुमारे 2220, म्हणजे बाणवाल्यांच्या जवळजवळ चौपट. (गुरुत्वाकर्षणातही ही युक्ती गोलासारख्या मोजक्याच आकारांना चालते, पण तपासायला बसलेय कोण!) गुरुत्वमध्य काढायला इंटिग्रेशन लागले होते, हे ही शाखा मनाला लावून घेत नाही.

गॉसपंथीयांचे तर काय सांगावे! वाकडेतिकडे काही दिसले की त्याभोवती ते मनातल्या मनात एक गोल काढतात. गॉसचा नियम तिथेही शंभर टक्के खरा असतो. अडचण इतकीच की, त्या गोलावर क्षेत्र जागोजागी वेगळे असते, त्यामुळे ते समीकरणातून सुटे करता येत नाही. सगळीकडे सारखेच आहे असे धरून चालले की करता येते, आणि धरून चालायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

अशा माणसांची समाजात कदर होत नाही, ही तक्रार मात्र खरी नव्हे. बहुपर्यायी प्रश्न काढणारे त्यांची आठवण पक्की ठेवतात. दिशा सोडून दिल्यावर येणारे उत्तर अनेकदा चार पर्यायांत आदराने मांडलेले असते. ते दिसताच गडी पुन्हा पडताळून न बघता पुढच्या प्रश्नाकडे वळतो. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला 4 गुण असतात; या उत्तराला मात्र शून्यही न देता वजा 1 देतात. परीक्षकांना चिन्हांची एवढी हौस का, ते त्यांनाच ठाऊक.