मानांकित उन्हाळा

परीक्षा संपली की भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या मोहाडीत पारा चढतो आणि त्याच्या मागोमाग आईबापांचा आवाजही. ऊन भयंकर म्हणून विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. एवढे दिवस घरात पोट्टे सांभाळायचे कोणी? मग खांबाखांबावर फ्लेक्स लागतात : भव्य उन्हाळी शिबीर! नृत्य, कराटे, अबॅकस, सुंदर हस्ताक्षर आणि संस्कार. (संस्कार सगळ्यात खाली, बारीक अक्षरात.) हल्ली कोपऱ्यात एक सोनेरी गोल ठप्पाही असतो, 'आयएसओ मानांकित'. तो दिसला की बाप निर्धास्त होऊन फी भरतो.

आता त्या ठप्प्याची गंमत ऐका. आयएसओ ही जिनिव्हातली संस्था मानकं लिहिते, पण प्रमाणपत्र ती स्वतः कोणालाच देत नाही. ते खासगी संस्था देतात, रीतसर फी घेऊन. आणि 9001 नावाचं जे मानक आपल्याकडे फ्लेक्सवर मिरवतं, ते कामाची पद्धत ठरलेली आहे का, नोंदी ठेवल्या जातात का, एवढं बघतं. झोपाळ्याची कडी तुटली म्हणून तिथं बाइंडिंग तार गुंडाळली असेल, तर त्या तारेची नोंद वहीत असली म्हणजे झालं. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळा, अंगणवाड्या, ग्रामपंचायती, इतकंच काय पोलीस ठाणीसुद्धा मानांकित झाली. मग शिबिरानंच काय घोडं मारलंय?

सरकारनं काहीच केलं नाही, असं मात्र म्हणू नका. 2021 साली साहसी पर्यटनाचं धोरण आलं. दोरीवरून दरी ओलांडायची सोय करायची असेल तर आयोजकाला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराची घटना घडली आणि शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रारपेटी यांची आठवण करून देण्यात आली. शिबीर मात्र या सगळ्यांतून अलगद सुटतं. शाळा म्हणावं तर सुट्टी आहे, साहस म्हणावं तर चित्रकला आहे. सभागृह भाड्यानं, सर भाड्यानं, आणि लाइन असेल तर पंखा फुकट.

आगीचा कायदा आहे, 2006 चा. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा ठीक असल्याचं प्रमाणपत्र मालकानं परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा द्यायचं, जानेवारीत आणि जुलैत. एजन्सीला पैसे मालकच देतो, त्यामुळे दोघांचे संबंध सलोख्याचे असतात. शिबीर भरतं मे महिन्यात.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 च्या पहाटे नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि 10 बाळं गेली. तिथं विनोद करायला जागा नाही. त्यानंतर 'फायर ऑडिट' हा शब्द आमच्याकडे चहाच्या टपरीवरही रुळला, एवढं खरं.

समजा, उद्या मोहाडीत शिबिरांना मानांकन द्यायला समिती आली. आधी तर्री पोहा होईल. मग रजिस्टर, त्यावर सह्या. मंचामागे रचलेल्या खुर्च्या बाजूला केल्या की अग्निशामक नळकांडं दिसेल. काटा लाल पट्ट्यात, वर जुनी झेंडूची माळ, कारण दसऱ्याला त्याची पूजा झालेली. समिती लिहील : 'उपकरण उपलब्ध.' तारेच्या झोपाळ्यासमोर फोटो निघेल, झोपाळ्यावर मात्र कोणी बसणार नाही. समितीला अनुभव असतो.

निघताना सभागृहाचा चौकीदार अदबीनं म्हणेल, "साहेब, पाणीबी पाहून घेता का जी?"

"वॉटर फिल्टर आहे ना?"

"ते नाही जी. पोट्टे डुबकी मारतेत ते."

खरं शिबीर तिथंच भरतं. फ्लेक्स नाही, फी नाही, वयाची अट नाही. भंडारा तलावांचा जिल्हा; मालगुजारांनी बांधलेले, मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झालेले मामा तलाव, आणि नदीत रेती उपसून पडलेले खड्डे. वरून पाणी गुडघाभर दिसतं, पुढच्या पावलाला तळ नसतो. रेतीचा ब्रासन्‌ब्रास हिशेब मांडता येतो. खड्ड्याची खोली मात्र कोणत्याच रॉयल्टी पासावर लिहिलेली नसते.

समिती काठावर उभी राहून विचार करील. तलाव जिल्हा परिषदेचा. पाण्यावर हक्क शेतकऱ्यांचा. मासे मच्छीमार संस्थेचे, त्यांचा ठेकाही रीतसर झालेला. पाळीवरचं झाड कोणाचं, हे सातबारा काढला तर कळेल.

"आणि हे पोट्टे कोणाचे?" अध्यक्ष विचारतील.

सोबतचा बाबू फाईल उलटीपालटी करील. "शाळेचे होते साहेब. पण सध्या सुट्टी आहे."