डब्लिनकर

बंगळुरूच्या महादेवपुऱ्यात, आउटर रिंग रोडला खेटून असलेल्या आमच्या सोसायटीत ऑनसाइटहून परतलेली माणसं पोत्याने आहेत. बहुतेकांच्या अंगातला परदेश महिन्या-दोन महिन्यांत उतरतो. डब्लिनकरांचा उतरला नाही. त्यांचं खरं आडनाव आता दारावरच्या पाटीपुरतं उरलंय. अख्खं आयर्लंड त्यांनी एका पदार्थात कोंबून आणलं आहे. त्याचं नाव बॉक्स्टी. डब्लिनच्या टेंपल बारमध्ये 1988 पासून एक हॉटेल याच पदार्थावर चालतं, हे ते पाहुण्याने चपला काढण्याआधीच सांगतात.

निम्मा बटाटा कच्चा किसायचा, निम्मा उकडून कुस्करायचा, मैदा, मीठ, चिमूटभर सोडा आणि ताक घालून भिजवायचं नि तव्यावर लोण्यात खरपूस भाजायचं. लिट्रिम, कॅव्हन, मेयो इकडच्या गरिबाघरचं हे खाणं. ताक पुडीतलं चालत नाही, त्यात मिरची-कोथिंबीर असते. डब्लिनकर स्वतः दही घुसळतात. मग कीस पंच्यात बांधून असा पिळतात की कपाळाची शीर तट्ट फुगते. निघालेलं पाणी पातेल्यात निवळतं, वरचं ओतून दिलं की तळाशी पांढराशुभ्र साका उरतो. तो पुन्हा पिठात. या साक्याकडे ते ज्या प्रेमाने बघतात, तसं वहिनींकडे बघितल्याचं निदान आमच्या तरी पाहण्यात नाही.

"उपासाचं थालीपीठ करतोस होय रे?" रत्नागिरीहून आलेल्या आईंनी विचारलं.

"आई, यात मैदा आहे."

"मग मेल्या, राजगिरा घाल की. कूट आहे डब्यात."

डब्लिनकरांनी किसणी खाली ठेवली.

वरच्या मजल्यावरच्या पंजाबी बाई याला टिक्की म्हणतात, समोरच्या मंगळुरी आजी डोसा. सगळ्यांना उत्तर एकच: 1845. केचप मागणाऱ्यालाही तेच. बटाट्यावर करपा पडला, दुष्काळ वर्षानुवर्षं हटला नाही, सुमारे दहा लाख माणसं मेली, आणखी दहा लाखांनी देश सोडला. हे ऐकता ऐकता बशीतली बॉक्स्टी गार होऊन चिवट होते, आणि इतकी माणसं मेल्यावर दुसरी मागायची लाज वाटते. वहिनींच्या मते ते त्यासाठीच सांगतात.

परवा भाजीवाला कुरकुरला, "हासनला बटाट्यावर रोग पडलाय, सार, भाव चढला." डब्लिनकरांनी तिथेच फोनवर शोधलं. फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स! आयर्लंड ओस पाडणारा तोच करपा, आपल्यापासून दोनशे किलोमीटरच्या आत! ते हरखून भाजीवाल्याचा हात दाबू लागले. तो बिचारा सुट्टे पैसे मोजत होता. वहिनी म्हणाल्या, "अहो, पंजाबातून बियाणं आणून लावतात ती माणसं, पावसात पीक काळं पडतं. अभिनंदन कसलं करताय?" डब्लिनकर ओशाळले आणि घासाघीस न करता पाच किलो बटाटे घेऊन आले. त्या शनिवारी आख्ख्या मजल्याला आमंत्रण होतं.

पदार्थ खरोखर फक्कड आहे. बोलावलं तर जरूर जा. मात्र तव्याजवळ उभ्याउभ्याच खा, आणि तोंडातला घास संपेपर्यंत काही विचारू नका.