रोमचा सातबारा

आमचे मामा 36 वर्षं तलाठी होते. शेवटची काही वर्षं इथंच, बोरीत. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण जमीन दिसली की ती कुणाच्या नावावर आहे हे कळल्याशिवाय तिच्यावर पाय ठेवायला त्यांचं मन घेत नाही. असा माणूस पोराच्या हट्टापायी सहल कंपनीबरोबर रोमला निघाला आणि सोबतीला भाचा म्हणून मला जावं लागलं.

पहिल्याच सकाळी गाइडबाई मिटलेली छत्री उंच धरून पुढं आणि आम्ही चाळीस जण मागं. ऊन नाही, पाऊस नाही. "दिंडीच की रे," मामा म्हणाले, "नुसते टाळ नाहीत." टाळांच्या जागी प्रत्येकाच्या कानात यंत्र होतं. बाई इंग्रजीत सांगायची, आमचा टूर मॅनेजर त्याचं मराठी करायचा. मामांनी यंत्र काढून पैरणीच्या खिशात टाकलं. "ही बाई नुसते राजेच सांगायली. राजे येतेत, जातेत. फेरफार कुठंय?"

कोलोसियम इसवी सन 80 मध्ये सुरू झालं, आत 50 हजार माणूस बसायचं, वगैरे चालू होतं. सगळे माना वर करून बघत होते. मामा मात्र खालच्या कमानींशी. तिथल्या 80 कमानींपैकी काहींवर कोरलेले रोमन आकडे अजून शाबूत आहेत. प्रेक्षकानं कुठून आत जायचं, त्याचे ते नंबर. मामांनी एका आकड्यावर बोट फिरवलं. "गट नंबर! इतकी वर्षं झाली, पण खाडाखोड नाही बघ."

पुढं बाईनं सांगितलं, की 1349 च्या भूकंपात एक बाजू कोसळली आणि ते दगड लोकांनी वाडे, चर्च बांधायला नेले. मामांचे कान टवकारले. गौण खनिजाचा मामला! मॅनेजर विचारायला तयार होईना, तेव्हा ते स्वतःच पुढं झाले. "मॅडम, रॉयल्टी?" बाईला वाटलं, आजोबांना राजघराण्यात गोडी आहे. तिनं फ्लेव्हियन घराणं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. चाळीस जणांनी मामांकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर त्यांनी नोकरीत रोज सोसलेली होती.

रोमन फोरममध्ये ते दगडावर बसूनच राहिले. सीझरला इथं जाळलं, सिनेट तिथं बसायचं. त्यांना त्याचं काही नाही. तेवढ्यात बाई म्हणाली, की मध्ययुगात हे सगळं मातीखाली गेलं, वर गुरं चरायची आणि लोक या जागेला 'काम्पो व्हाचिनो' म्हणायचे, म्हणजे गायींचं रान. मामा ताडकन उठले.

"गायरान! आधीच सांगायचं ना बाई!"

ट्रेव्हीच्या कारंज्यात सगळ्यांनी पाठमोरं होऊन युरो टाकले. गंगाखेडच्या पुलावरून गाडी जाताना गोदावरीत टाकतात, तसा मामांनी रुपया टाकला. नव्वदेक रुपयांचं नाणं पाण्यात घालायला ते काही खुळे नव्हते.

मोकळ्या दुपारी मंडळी पर्स घ्यायला पांगली आणि मी मामांना कोलोसियमजवळच्या एका नव्या संग्रहालयात नेलं. 2024 साली उघडलेलं. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात, अख्ख्या रोमचा नकाशा संगमरवरावर कोरून भिंतीला बसवला होता. 18 मीटर रुंद, 13 मीटर उंच. घरं, खोल्या, जिने, खांबसुद्धा दाखवलेले. त्यातला दहावा हिस्सा कसाबसा उरलाय. ते तुकडे तिथं काचेच्या जमिनीखाली मांडलेत आणि आपण काचेवरून चालत बघायचं.

मामा उंबऱ्यात थबकले. खाली वाकून बूट काढले.

"गावनकाशावर पायताण घालून?" ते हळूच म्हणाले. पहारेकऱ्यानं खुणेनं बूट चढवायला लावले, तेव्हा ते कडेकडेनं, भिंतीला धरून फिरले. तास गेला. एका ठिकाणी दोन तुकड्यांमधली जागा मोकळी होती. तिथं ते बराच वेळ उभे राहिले. "एवढी हद्द मिळाली असती, तर नकाशा जुळला असता."

परत आल्यावर बोरीत चार दिवस रोमचा विषय नाही. पाचव्या दिवशी सकाळीच दारात. "गाडी काढ. चारठाण्याला जायचंय." आमच्याच तालुक्यातलं गाव, जुन्या देवळांचं. नोकरीत मामा तिथं कितीदा गेले असतील, पण दप्तरातून मान वर करून देवळं बघितली नव्हती.

गावात उतरले आणि मिटलेली छत्री वर धरून चालू लागले. मागं मी, माझ्या मागं तीन-चार पोरं. देवळासमोर एक म्हैस रवंथ करीत बसली होती.

"काम्पो व्हाचिनो," मामांनी पोरांना सांगितलं आणि तिला वळसा घालून पुढं झाले.