डोन्ट वरी, तो काही करत नाही!

यॉर्कशायरमधल्या एका कुरणाच्या फाटकावर पाटी होती: कुत्र्याने मेंढ्यांना 'वरी' केलं तर तो गुन्हा. आमच्या इंग्रजीच्या मास्तरांनी 'वरी' म्हणजे काळजी, असं शिकवलेलं. मी भारावलोच. काय देश आहे! इथली कुत्रीसुद्धा मेंढ्यांची काळजी करतात, आणि ती जरा जास्त झाली की थेट खटला!

मुलाने कपाळावर हात मारला. "बाबा, वरी म्हणजे मेंढ्यांच्या मागे लागणं. नुसतं त्यांच्या कुरणात मोकाट हिंडणंही त्यातच." दात लागायलाच हवा असं नाही. धावून धावून गाभण मेंढी गाभडते, कधी धास्तीनेच जीव सोडते.

तेवढ्यात एक बाई आल्या. हातात पट्टा होता, पट्ट्यात कुत्रा नव्हता. तो केव्हाच फाटकाखालून आत. "डोन्ट वरी," बाई गोड हसल्या, "ही इज फ्रेंडली!" सदाशिव पेठेपासून सात हजार किलोमीटर आलो, तरी 'काही करत नाही हो तो' काही पाठ सोडेना.

पुढच्या मिनिटाला कळप कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढत होता आणि बाई कुत्र्याला हाका मारत होत्या. हाकेची किंमत ब्रिटनला ठाऊक आहे. 2011 मध्ये लंडनच्या रिचमंड पार्कात फेंटन नावाचा लॅब्राडोर हरणांच्या कळपामागे सुटला आणि मालक 'फेंटन! फेंटन!' ओरडत त्याच्यामागे. त्या प्रसंगाच्या व्हिडिओवर सारं जग हसलं. हरणांचं मत कुणी घेतलं नाही.

"असं याने कधीच केलं नव्हतं," बाई धापा टाकत म्हणाल्या. या वाक्याला तर इथे मोठी कायदेशीर परंपरा! आपल्या कुत्र्याला ही खोड आहे हे मालकाला आधीच माहीत होतं, असं पूर्वी मेंढीवाल्यालाच सिद्ध करावं लागे. थोडक्यात, पहिला चावा माफ. मेंढ्या-गुरांपुरती ही माफी 1865 साली संपली. बाईंपर्यंत बातमी पोचायची आहे.

मग 'वरी'ला गुन्हा ठरवणारा 1953 चा कायदा आला. त्याचा दंड वाढत वाढत हजार पौंडांवर जाऊन बसला. 1971 च्या कायद्याने नुकसानभरपाई मालकाच्या गळ्यात घातली. दुसरा इलाजच नसेल तर शेतकऱ्याने कुत्र्याला गोळी घातली तरी त्याला बचाव आहे; फक्त 48 तासांत पोलिसांना कळवायचं.

1953 च्या कायद्यात सवलतीही आहेत. कुरणात मोकळं असण्याची मुभा पोलिसांच्या कुत्र्याला, अंधांच्या वाटाड्या कुत्र्याला, शिकवलेल्या धनगरी कुत्र्याला, आणि शिकारी कुत्र्यांच्या अख्ख्या टोळीला! एकटा मोकाट असेल तर गुन्हा. तीस-चाळीस असले आणि मागे घोड्यावर लाल कोट असला, की परंपरा.

स्कॉटलंडने 2021 मध्ये शिक्षा 40,000 पौंड किंवा वर्षभराच्या कैदेपर्यंत नेली. इंग्लंड-वेल्सच्या 2025 च्या कायद्याने दंडाची कमाल मर्यादाच काढली, लामा-अल्पाकांनाही छत्राखाली घेतलं आणि 'हल्ला' हा शब्द 'वरी'पासून सोडवला. म्हणजे आता चावा घेणं ही काळजी नाही, हे पार्लमेंटला मान्य आहे.

संशय आला तर पोलिसांना कुत्र्याचे नमुनेही घेता येतात. मालकाच्या तोंडचा नमुना घ्यायची गरज नाही. तो फाटकावरच मिळतो.