गॅस नाही गेला

नवतपा 25 मेच्या आसपास लागतो, असं पंचांगवाले सांगतात. आमच्या नागपुरातल्या फ्लॅट स्कीममध्ये तो जिन्यातल्या स्लिपरवरून कळतो. तीन पायऱ्या फट्-फट्-फट्, मग थांबा. पुन्हा तीन पायऱ्या, पुन्हा थांबा. हा आवाज आला की समजायचं, कुणाचा तरी एसी गार करेनासा झालाय आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका निघाले आहेत. थांबे गुडघ्यामुळे. त्या गुडघ्यापायी दोन वर्षांपासून त्यांनी गच्चीही सोडली आहे. सगळा तपास खालूनच चालतो.

असा एक माणूस प्रत्येक वस्तीत असतो. वीज खात्यातून नाहीतर रेल्वेतून निवृत्त झालेला, शर्टाच्या खिशात टेस्टर, आणि घरातल्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही अशी बायकोची सक्त ताकीद. मग तो लोकांच्या वस्तूंकडे वळतो. आमच्या काकांकडे तर एसीच नाही. वाळ्याच्या ताट्या लावलेला पत्र्याचा कूलर आहे, आणि त्याच्यासमोर ते बनियनवर गाढ झोपतात. पण ज्याच्याकडे पेशंट नाही त्यानं डॉक्टर होऊ नये, असा काही कायदा नाही.

काकांचं कुणाशी वैर नाही. वैर आहे ते दोन शब्दांशी, 'गॅस गेला'. हे शब्द मेकॅनिक पोरगा फोनवरच उच्चारतो. मशीन कुठल्या कंपनीचं, खोली केवढी, काही विचारायच्या आधी. गेल्या वर्षी आमच्याकडून त्यानं गॅस भरायचे 2800 रुपये नेले, हे कळलं तेव्हा काका दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

"गॅस काय सिलिंडरमधला आहे काय हो, पोळ्या केल्या नि संपला?" ते विचारतात. "बंद नळीत फिरून राहिला बिचारा जन्मभर. गेला असंन तर कुठून तरी गेला असंन नं? भोक दाखव म्हणा. साबणाचा फेस लाव, बुडबुडा दाखव. बुडबुडा नाही, तर पैसाही नाही!"

यात खोट काढायला जागा नाही, हीच पंचाईत आहे. काका मूर्ख असते तर चहा पाजून वाटेला लावता आलं असतं. पण ते बहुतेक वेळा बरोबर निघतात. तळमजल्यावरच्या घरी एसीच्या आत पांढराशुभ्र बर्फ धरला होता. घरचे खूश, मशीन काय जोरदार आहे म्हणून! खोली मात्र भट्टी. काकांनी फिल्टर ओढून काढला. त्यावर सतरंजीइतकी जाड धूळ होती. हवा आत जाईना, म्हणून कॉइल गोठली होती. काकांनी मशीन बंद करून नुसता पंखा चालू ठेवायला लावला, बर्फ वितळू दिला आणि फिल्टर नळाखाली धुतला. खर्च शून्य. त्या घरच्या बाईंनी नंतर मला हळूच सांगितलं, "एसी बनला, पण त्यांचं भाषण ऐकण्यापेक्षा अठ्ठावीसशे परवडले असते."

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पाळी आमच्यावर आली. बाहेर 45, आत 33, आणि दीड टनाचा एसी तोंडावर कोमट फुंकर मारत होता. मी चोरून मेकॅनिकला फोन लावला. तो "गॅस" म्हणतो न म्हणतो तोच जिन्यात फट्-फट्-फट्.

काकांची हत्यारं पेढ्याच्या डब्यात असतात. जुना टूथब्रश, बॅटरी, फुगून मेलेला एक कपॅसिटर (हा फक्त दाखवायला, जसं शाळेत सापाची बाटली असते तसा), आणि नातवाच्या माशांच्या टाकीतला थर्मामीटर. मासे गेले, थर्मामीटर राहिला. तो त्यांनी आधी एसीच्या वरच्या जाळीपाशी धरला, मग खालच्या झोतात. तो पाण्यातला थर्मामीटर. हवेत त्याला ठरवायला वेळ लागतो. दहा मिनिटं आम्ही सगळे देवाच्या पालखीसमोर उभं राहावं तसे उभे.

"वरून 33 चालले, खालून 28 निघून राहिले. पाचचाच फरक. दहाच्या आसपास पाहिजे." काकांचा चेहरा खुलला. रोग खरा होता.

मग जबाब सुरू झाले. रिमोट कुणाजवळ असतो? मुलानं हात वर केला. किती ठेवतो? सोळा. काकांनी डोळे मिटले.

"सरकारनं 2020 पासून मशीनमध्ये 24 भरून दिले. कारखान्यातून 24 वर येते. अन् तू 16 करतो! सोळा दाबल्यानं खोली लवकर थंड नाही होत बापा, मशीन लवकर थांबत नाही, एवढंच."

फिल्टर पाहिला. स्वच्छ. (आदल्या रात्री मी तीनदा धुतला होता, परीक्षेच्या भीतीनं.) काकांची थोडी निराशा झाली. मग त्यांना हॉलमधून कूलरचा आवाज आला आणि ते पुन्हा टवटवीत झाले. बेडरूमचं दार अर्धं उघडं होतं.

"कूलर हवेत पाणी टाकून राहिला, अन् एसी तेच पाणी हवेतून काढून राहिला. एक भरते, एक उपसते. हा काय संसार आहे काय?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी कूलर बंद केला.

पण काकांचा खरा आनंद असतो तो उष्णतेच्या हिशेबात. आजाऱ्याला 'काल काय जेवलात' विचारावं तसे ते खोलीला विचारतात. टीव्ही किती इंची? बल्ब कसले? आणि माणसं? स्वस्थ बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता सोडतो, हे काकांना कुठल्याशा पुस्तकात सापडलं, तेव्हापासून ते माणसं वॅटमध्येच मोजतात. "सासूबाई आल्या आहेत काय? शंभर. मेहुणे? दोघं म्हणजे दोनशे." सासूबाईंनी पदर सावरला. आपण शंभर वॅटच्या आहोत यात मान आहे की अपमान, हे त्यांना ठरवता येईना.

"एक टन म्हणजे मशीनचं वजन नव्हे," काका पुढे सरसावले. "चोवीस तासांत एक टन बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ओढायची ताकद. साडेतीन किलोवॅट धरा. दीड टन म्हणजे पन्नास पाहुण्यांची उष्णता."

"मग बारसं इथेच करता येईल," मेहुणा म्हणाला.

"येईल. पण ही पश्चिमेची भिंत उचलून बाहेर ठेवाल तर. सगळ्यात मोठा पाहुणा हाच, अन् उठतच नाही. दुसरं म्हणजे, कंपनी हा दीड टन मोजते बाहेर 35 असताना. नागपुरात 35 म्हणजे मार्च!"

एव्हाना खालचे, समोरचे, दूधवाला असे सगळे बघायला जमले होते. मी मोजलं, खोलीत अकरा माणसं होती, म्हणजे अकराशे वॅट, आणि दार सताड उघडं. थर्मामीटरचा पारा 34 वर गेला. काका म्हणाले, "पाहा, वाढून राहिलं!" त्यांनी स्वतःला हिशेबात धरलं नव्हतं.

शेवटी काही सापडेना. हवा जोरात, कॉइल साफ, व्होल्टेज नीट. मी धीर करून म्हटलं, "काका, गॅस तर…"

"गॅस नाही गेला!" ते गरजले आणि उठले. "आउटडोअर कुठं आहे?"

"गच्चीवर."

खोलीत शांतता पसरली. काकांनी गुडघ्यावर हात ठेवला, माझ्या खांद्यावर दुसरा, आणि आम्ही निघालो. एकवीस पायऱ्या, सात थांबे.

गच्चीवर उन्हानं डोळे दिपले. मग दिसलं. आमच्या आउटडोअरच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर, एक खाट. खाटेवर प्लास्टिक आणि त्यावर गव्हाच्या पांढऱ्या कुरोड्या, रांगेनं, दीडदोनशे तरी. धूळ आणि कावळे नकोत म्हणून खाटेला तिन्ही बाजूंनी आणि थेट मशीनच्या पाठीपर्यंत एक जुनी हिरवी साडी बांधलेली. मशीन पुढून उष्ण हवा फेकत होतं, ती साडीला आपटून वळत होती, आणि मागून तेच उष्ण वारं पुन्हा पोटात ओढून घेत होतं. काकांनी थर्मामीटर मागच्या जाळीशी धरला. पारा 50 च्या रेघेपर्यंत गेला आणि नळी संपली म्हणून थांबला.

"धरलं!" काका ओरडले. "कोण आहे हा शहाणा?" त्यांनी साडीचा पदर हातात धरला. आणि तसेच उभे राहिले.

ती साडी मीही ओळखली. काकू पोळ्याला नेसायच्या.

तेवढ्यात जिन्याच्या दारातून काकूंचा आवाज आला. "अहो, आलेच आहात वर तर कुरोड्या उलटवून या नं. यंदा मस्त वाळून राहिल्या त्या मशीनच्या हवेनं. कालच टाकल्या!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. थर्मामीटर पुसून डब्यात ठेवला. खाली वाकून एक कुरोडी उलटवली, मग दुसरी. बराच वेळ नुसता मशीनचा धापा टाकण्याचा आवाज.

"गॅस गेला आहे," ते म्हणाले.

"काका?"

"गेला म्हणजे गेला. त्या मेकॅनिकला बोलवून घ्या."

"आत्ता करू फोन?"

"आत्ता नको." त्यांनी एक कुरोडी बोटांनी दाबून पाहिली. "परवा बोलवा. उद्या संध्याकाळपर्यंत वाळतील."