येऊ दे, अजून येऊ दे

कोल्हापूरकराला मागं सरायला सांगणं म्हणजे भांडणाला निमंत्रण. गंगावेशीत नाहीतर मिरजकर तिकटीला दोन गाड्या समोरासमोर आल्या, की मागं कुणी जायचं याचा निकाल दोन्हीकडची मंडळी खाली उतरूनच लावतात. पण दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला, की याच जिल्ह्यातला एक गडी राजीखुशीनं मागं येऊ लागतो. तो म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर.

एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढतो, हे डांबरी रस्त्यावरचं चित्र. शेतातून दोन्ही एकदम निघत नाहीत. पाणंदीच्या चिखलातून एकेक ट्रॉली बाहेर काढायची, कडेला उभी करायची, मग दोघींची जोडी लावायची. बिद्री असो, कुंभी-कासारी असो की शिरोळचा दत्त, काट्यावर पोचण्याआधी ही जोडणी चुकत नाही.

आधी ट्रॉलीच्या चाकांना दगडाच्या उट्या. मग ड्रायव्हर मान मागं वळवतो आणि 'येऊ दे'चा गजर सुरू होतो. 'येऊ दे, येऊ दे, जरा डावं मार, हां, अजून सुताभर... बास बास बास!' पानपट्टीवरचे चौघंही मदतीला धावतात. दोघं डावं सांगतात, दोघं उजवं. जाणता ड्रायव्हर ऐकतो एकाचंच, आणि तो एकजणही त्याला आरशात दिसणाऱ्या जागी, बाजूला उभा हवा. ट्रॅक्टर हलत असताना हुक आणि दांडीच्या मधे माणूस नको, हा या कामातला पहिला नियम. चाकं पुरती थांबली की मगच पोरगं आत शिरतं, दांडी जुळवतं आणि पिन टाकतं. पिनीच्या टोकाला एक क्लिप लागते, म्हणजे खड्ड्यात हादरे बसले तरी पिन उडत नाही. ट्रॅक्टरला गोंडे, आरसे, भोंगे आणि गल्ली जागी करणारा टेप अशी हौस असते. क्लिपच्या जागी मात्र पुष्कळदा बांधणीची तार असते. १५-२० टन ऊस त्या तारेच्या भरवशावर कारखाना गाठतो.

शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावरून जाणाऱ्या लांबलचक ट्रेलरांचं गणितही हेच. पुढच्या 'घोड्या'च्या पाठीवर ग्रीस चोपडलेली लोखंडी तबकडी असते, तिला फिफ्थ व्हील म्हणतात. ट्रेलरच्या पोटाखालचा २ इंच जाडीचा किंगपिन तिच्या जबड्यात अडकतो. अमेरिकेत अशीच जोडणी पिकअपच्या हौद्यात बसवून लोक चाकांवरचं घर ओढत फिरतात. तिथं सांगतात, ट्रेलरच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भार पिनीवर यावा. कमी पडला तर ट्रेलर मागं डुलायला लागतो. आमच्याकडं टक्केवारी कुणी काढत नाही. पण दोनचाकी ट्रॉलीत ऊस मागच्या अंगाला जास्त भरला, की दांडी वर उठते आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होऊन जागेवरच फिरतात, हे मोळ्या रचणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

एवढं सगळं बघितल्यावर एक गोष्ट लक्षात येते. ट्रॉली जागची हलत नाही. तिला इंजिनच नाही, ती येणार कशी? ज्याच्या अंगात ताकद आहे त्यानंच मागं यायचं, त्यानंच डावं-उजवं करायचं, उंची जुळवायची. हे या शहराला नवं नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात गिऱ्हाईक फिरकत नाही म्हटल्यावर शाहू महाराजांनी आपली गाडी त्यांच्या दारात थांबवली आणि तिथला चहा घेतला. गंगारामांनी वाड्यावर यावं, असा निरोप धाडला नाही. जोडायचं कुणी, हे त्या राजाला नेमकं कळलं होतं.

पिन पडली म्हणजे काम झालं असं मात्र नाही. हायड्रॉलिकचा पाईप, लाइटची वायर जोडायची, आणि उट्या तशाच ठेवून ट्रॅक्टर हलकासा पुढं ओढून बघायचा. सांधा खरा असेल तर ट्रॉली आडून बसते आणि ट्रॅक्टर तिथंच दबतो. खोटा असेल तर ट्रॅक्टर एकटाच पुढं जातो आणि नुकसान हातभर अंतराचंच होतं. त्यानंतर उट्या काढायच्या, त्या सगळ्यात शेवटी.

हे ओढून बघणं उसापुरतंच का राहिलं, कळत नाही. कारखान्याची निवडणूक लागली, की रातोरात इकडचा गट तिकडच्या पॅनेलला जोडला जातो. गुलाल पडतो, हारतुरे होतात, फोटो निघतात. ओढून कुणीच बघत नाही. पिन आत पडलीच नव्हती, हे मग मतमोजणीच्या दिवशी कळतं. तोवर ट्रॅक्टर कारखान्यात पोचलेला असतो आणि ट्रॉली अजून पाणंदीतच.