लग्नपत्रिकेचं जेट

दरेकसा हे गाव बहुतेकांनी रेल्वेच्या खिडकीतूनच पाहिलेलं असतं. नागपूरहून हावड्याकडे निघालं की सालेकसा मागे पडतं, दोन्ही बाजूंनी डोंगर अंगावर येतात, बोगदा लागतो, पावसाळा असेल तर हाजरा फॉलचं पांढरं पाणी दिसतं, आणि "ते बघ, ते बघ" म्हणेपर्यंत माणूस छत्तीसगडात पोचलेला असतो. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी देशभरातले गोंड भाविक इथे येतात, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. एरवी दरेकशात काय उडतं असं विचाराल तर धूळ, पोपट आणि अफवा.

विमानंही उडतात, पण पार वरून. गोंदियाजवळ बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी धावपट्टी बांधली. आता तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबादला जाणारं प्रवासी विमानही सुरू झालं. एखादं शिकाऊ विमान गुरगुरत आलं की माझा भाचा हातातली भाकर टाकून अंगणात धावतो, वर बघतो आणि नाराज होऊन परत येतो.

"मामा, हे पंख्याचं आहे. खरं विमान म्हणजे जेट."

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्याने 'उडणारं जेट' असं नाव देऊन टाकलं होतं. बनवणार कोण, या प्रश्नाचं उत्तर नागपूरहून सुट्टीला येत होतं. मामा या पदाला पगार नाही, रजा नाही, आणि नकाराधिकार तर मुळीच नाही.

जेट कोणतं, हे भाऊजींनी ठरवलं. मिग-२१. का, तर ते आपल्या नाशिकजवळ ओझरला बनायचं. १९६४ मध्ये तिथे कारखाना उभा राहिला, तेव्हा यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते. हे सांगताना भाऊजींची छाती अशी फुगते की पहिला खिळा त्यांनीच ठोकला असावा. २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला. निवृत्त झालेल्याला घरच्यांनी लगेच काहीतरी काम लावायचं, ही आपली रीतच आहे.

खऱ्या मिगचे पंख लहान आणि इंजिन दांडगं. कागदी मिगला इंजिनच नाही. म्हणजे नावात सगळा आवाज आणि पोटात काही नाही. अशांना निवडून आणता येतं, उडवणं मात्र कठीण.

कागदाचा प्रश्न ताईने सोडवला. चिकटवून करायच्या विमानाला वहीचा कागद चालत नाही, जाड आणि ताठ कार्ड लागतं. ताईने कपाटाचा खालचा कप्पा उघडला आणि विदर्भातल्या गेल्या काही लग्नसराया जमिनीवर ओतल्या. लग्नपत्रिकेइतकं उत्तम कार्ड बाजारात विकत मिळत नाही. ते लोक घरी आणून देतात आणि वर जेवायलाही बोलावतात. फक्त एक काळजी घ्यायची. कार्डातले तंतू एका दिशेने जातात, त्या दिशेने ते सहज दुमडतं आणि आडवं वाकवलं तर कुरकुरतं. पंखात ते तंतू मुळापासून टोकाकडे गेले पाहिजेत, म्हणजे पंख मोडत नाही. हा हिशेब सांभाळून कापल्यावर डाव्या पंखावर 'आमचे येथे श्रीकृपेकरून', उजव्यावर 'माझ्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' आणि उभ्या शेपटीवर 'कृपया आहेर आणू नये' असा मजकूर आला. शत्रूच्या विमानाला शेवटचं एवढंच वाचायला मिळणार होतं.

धडासाठी कार्डाचे थर एकावर एक डकवायचे. फेविकॉल संपला होता म्हणून ताईने खळ शिजवून दिली. पाणी जास्त झालं की कार्ड वळतं. म्हणून खळ बोटाने पुसून पातळ लावली आणि सगळं धड रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवलं. सकाळी ते सरळ निघालं. ताईची चटणी मात्र दुपारवर गेली.

मग भाच्याने सजावट सुरू केली. रिफिलची क्षेपणास्त्रं, शर्टाच्या बटणांची चाकं, चंदेरी रंगाचे दोन हात आणि कणकेचा वैमानिक. त्याला काळ्या दोऱ्याच्या मिशा होत्या, कारण मिग म्हटलं की अभिनंदन वर्धमान, आणि अभिनंदन म्हटलं की मिशा. विमान देखणं झालं होतं. ते उचलताना मनगटाला जाणवत होतं, इतकं देखणं.

धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत चाचणी ठेवली. गाव जमलं. विमानाने सुटल्या सुटल्या नाक वर केलं, हवेत क्षणभर थांबून विचार केला आणि शेपटीवर बसलं. शास्त्र साधं आहे: वजन मागे असेल तर नाक वर जातं, वेग मरतो आणि पंख हवेला धरू शकत नाहीत. साध्या सरळ पंखाच्या विमानाचा तोल पंखाच्या रुंदीच्या पहिल्या चौथाईच्या आसपास हवा. मिगच्या त्रिकोणी पंखाचा तोल मुळाच्या लांबीच्या निम्म्याच्या थोडा पुढे. बोटावर ठेवून बघायचं आणि नाकात यू-पिना भरत जायचं.

गावाचं शास्त्र याहून सोपं होतं.

"जोरानं फेका ना भाऊ, काय भाकर थापून रायले?"

जोराने फेकणारे जगात आहेत. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या तीन तरुणांनी घड्या घालून केलेल्या कागदी विमानाला ८८.३१ मीटर पाठवून विक्रम केला. पण जपानच्या ताकुओ तोदा यांचं विमान हवेत २९.२ सेकंद राहिलं, ते नुसत्या जोरावर नव्हे. आणि कार्ड कापून, चिकटवून, रबराने सोडायच्या ग्लायडरचे खरे गुरू यासुआकी निनोमिया. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कागदी विमान स्पर्धेत त्यांनी बक्षीस पटकावलं. ते टेलिफोन कंपनीत अभियंता होते, असं मी सांगितल्यावर भाऊजी म्हणाले, "तरीच. आमचाही फोन लागत नव्हता."

भाऊजींनी मग गिरगाव चौपाटी काढली. मराठी माणसांत विमानाचा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे येतातच. १८९५ मध्ये त्यांचं विमान उडालं असं सांगतात; खात्रीचा पुरावा नाही. त्या दिवशीही चौपाटीवर कुणीतरी 'जोरानं' म्हणालं असणार, एवढं मात्र मी पैजेवर सांगतो.

आम्ही उलट वाटेने गेलो. आधी क्षेपणास्त्रं उतरवली. मग चाकं, कागदी विमानाला उतरायला धानाची धसकटं पुरतात. शेवटी प्रश्न वैमानिकाचा आला. खऱ्या मिगचे पंख किंचित खाली झुकलेले असतात. विमान कलंडू लागलं तर आत बसलेला माणूस सांभाळून घेतो. आमचा माणूस कणकेचा होता. तेव्हा पंख थोडे वर उचलले, म्हणजे विमान स्वतःच सरळ होतं, आणि मिशांसकट वैमानिकाला कोंबडीच्या स्वाधीन केलं. भाच्याने डोळे पुसले, पण नाकातल्या पिनांमुळे विमान आता खाली झुकतंय हे बघून शेपटीच्या आडव्या पंखाची मागची कड स्वतःच केसभर वर वाकवली. सूर मारत असेल तर कड वर, नाक वर करत असेल तर खाली, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

मग त्याने विमान आडवं धरलं आणि नुसतं सोडलं. 'श्रीकृपेकरून' वाऱ्यावर बसलं, बांधी ओलांडली, बांधावरून सावकाश वळलं आणि 'आहेर आणू नये' असं सगळ्यांना दाखवत पलीकडच्या मोहावर जाऊन बसलं. जेट म्हणून जे जे चिकटवलं होतं ते काढल्यावर ते जेटसारखं गेलं. टाळ्या पडल्या. "मी म्हणलोच होतो, जोरानं फेका," असं तिघे-चौघे एकमेकांना सांगत घरी गेले.

प्रदर्शनात दुसरं, तसंच मोकळं विमान ठेवलं. परीक्षकांनी विचारलं, "लाइट लागतो का?" नाही म्हटल्यावर ते पुढे सरकले. पहिलं बक्षीस थर्माकोलच्या धरणाला मिळालं. त्यात लाल-हिरवे दिवे लागत होते, पाणी तेवढं नव्हतं.

माझं मत विचाराल तर उडणारी वस्तू टेबलावर ठेवून तपासू नये, आणि टेबलावरची वस्तू उडते असं समजू नये. तेव्हा वाचकहो, यंदाच्या लग्नसराईतल्या पत्रिका रद्दीत घालू नका. तंतूंची दिशा बघून पंख कापा, नाकात वजन घाला, पंख थोडे वर ठेवा आणि वाऱ्याकडे तोंड करून विमान आडवं सोडा. कणकेच्या पोळ्या करा. आणि "जोरानं फेका" म्हणणाऱ्याला आधी चहा देऊन आत बसवा.